वाटेचे राखणदार : स्थलांतरित वन्य प्राण्यांसाठी झालेल्या बॉन कराराची वाटचाल

वन्य प्राण्यांच्या स्थलांतरित प्रजातींचे संवर्धन करण्यासाठी झालेला आंतरराष्ट्रीय करार २३ जून १९७९ रोजी तत्कालीन पश्चिम जर्मनीची राजधानी असलेल्या बॉन येथे संमत झाला आणि पंधरा राष्ट्रांची रीतसर मान्यता मिळाल्यानंतर १ नोव्हेंबर १९८३ पासून अमलात आला. शहराच्या नावावरून तो बॉन करार म्हणून ओळखला जातो. करारनाम्याला संस्था म्हणणे प्रथमदर्शनी वेगळे वाटेल, परंतु साधारणतः दर तीन वर्षांनी भरणारी सदस्य-राष्ट्रांची परिषद, तिला सल्ला देणारे शास्त्रज्ञांचे मंडळ, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाखाली बॉनमध्ये चालणारे सचिवालय आणि मूळ करारातून पुढे निघालेले अनेक प्रादेशिक उपकरार यांमुळे या कागदाला चार दशकांत संस्थेचे रूप आले आहे. प्राणी ज्या भूमीवर जन्मतो तेवढीच नव्हे, तर त्याची संपूर्ण वाट हीच संरक्षणाची वस्तू आहे, हा विचार राष्ट्रांच्या गळी उतरवणे हे या संस्थेचे मुख्य कार्य राहिले. आणि तो विचार कोठे रुजला व कोठे रुजण्याआधीच प्राणी नाहीसे झाले, हाच तिचा खरा इतिहास आहे.

असा विचार अगदीच नवा नव्हता. शेतीला उपयुक्त पक्ष्यांच्या रक्षणासाठी युरोपीय राष्ट्रांनी १९०२ मध्ये पॅरिस येथे करार केला होता. मात्र त्यात पक्ष्यांची विभागणी माणसाच्या फायद्यातोट्यावर केलेली असल्यामुळे गरुड आणि ससाणे उपद्रवी पक्ष्यांच्या यादीत जाऊन बसले. त्याहून परिणामकारक ठरला तो १९११ चा उत्तर प्रशांत महासागरातील फर-सीलविषयीचा करार. अमेरिका, रशिया, जपान आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन या चार सत्तांनी भर समुद्रातील सीलची शिकार थांबवली, आणि ज्यांच्या बेटांवर सील वितात त्या राष्ट्रांनी तेथील मर्यादित शिकारीतून मिळणाऱ्या कातड्यांचा काही हिस्सा इतरांना द्यावा असे ठरवले. त्याग करणाऱ्याला मोबदला मिळाला, म्हणून करार पाळला गेला आणि सीलची संख्या पुन्हा वाढली. पुढे १९१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांविषयीचा करार झाला. तथापि हे सारे दोन-चार शेजाऱ्यांमधील व्यवहार होते. एका खंडात अंडी घालून दुसऱ्या खंडात हिवाळा काढणाऱ्या आणि मध्ये दहा-बारा देशांवरून जाणाऱ्या जीवासाठी कोणतीच व्यवस्था नव्हती.

ही उणीव १९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या मानवी पर्यावरणविषयक परिषदेत प्रथम स्पष्टपणे मांडली गेली. आंतरराष्ट्रीय जलक्षेत्रात राहणाऱ्या किंवा एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या प्रजातींच्या रक्षणासाठी सरकारांनी करार करण्याचा विचार करावा, अशी शिफारस या परिषदेने केली. तिचा पाठपुरावा करण्याचे काम पश्चिम जर्मनीच्या सरकारने अंगावर घेतले आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या कायदेतज्ज्ञांच्या साहाय्याने मसुदा तयार झाला. १९७१ चा पाणथळ जागांविषयीचा रामसर करार आणि १९७३ चा वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण आणणारा करार हे तोवर आकाराला आले होते. त्यांपैकी पहिला जागेकडे पाहत होता, दुसरा बाजाराकडे, आणि प्रवास करणारा प्राणी दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत राहिला होता. ११ ते २३ जून १९७९ या काळात बॉनमध्ये जी वाटाघाट झाली तिच्यात समुद्री जीवांवरून तीव्र मतभेद झाले, कारण मासेमारीवर ज्यांचे अर्थकारण उभे होते त्या राष्ट्रांना आपल्या जाळ्यांवर नवा अंकुश नको होता. अमेरिका, कॅनडा, जपान, चीन आणि रशिया ही राष्ट्रे आजही या कराराची सदस्य नाहीत. पृथ्वीच्या उत्तर गोलार्धातील पक्ष्यांची विणीची भूमी किती मोठ्या प्रमाणावर या देशांत आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे ही अनुपस्थिती केवढी गंभीर आहे हे कळते.

कराराची रचना समजून घेण्यासाठी त्यातील तीन कल्पना पाहणे आवश्यक आहे. पहिली कल्पना स्थलांतरित प्रजातीची: ज्या प्रजातीच्या एकूण समूहातील, अथवा भौगोलिकदृष्ट्या वेगळ्या राहणाऱ्या तिच्या एखाद्या गटातील, लक्षणीय संख्येचे प्राणी ठरावीक चक्राने आणि आधी सांगता येईल अशा रीतीने राष्ट्रांच्या सीमा ओलांडतात, ती स्थलांतरित मानली जाते. त्यामुळे पक्षी, कासवे आणि देवमासे यांच्याबरोबर सीमेवरच्या जंगलात ये-जा करणारा हत्ती, वटवाघूळ, मासा आणि मोनार्क हे फुलपाखरूही करारात येऊ शकले. दुसरी कल्पना विचरण-राष्ट्राची, म्हणजे जेथे तो प्राणी राहतो किंवा जेथून तो जातो अशा राष्ट्राची. आणि येथे करारकर्त्यांनी मोठी दूरदृष्टी दाखवली, कारण ज्याच्या ध्वजाखालील जहाजे खुल्या समुद्रात त्या प्राण्याला पकडतात ते राष्ट्रही, प्राणी त्याच्या किनाऱ्याला कधी लागत नसला तरी, विचरण-राष्ट्र मानले गेले. तिसरी कल्पना दोन परिशिष्टांची. पहिल्या परिशिष्टात नामशेष होण्याच्या धोक्यात असलेल्या प्रजाती येतात आणि त्यांना मारणे अथवा पकडणे सदस्य-राष्ट्रांनी, शास्त्रीय कार्य किंवा परंपरेने त्यांवर उपजीविका करणाऱ्यांची गरज असे मोजके अपवाद वगळता, थेट बंद करावयाचे असते. दुसऱ्या परिशिष्टात अशा प्रजाती येतात की ज्यांची स्थिती समाधानकारक नाही आणि जी सुधारण्यासाठी राष्ट्रांनी आपसांत वेगळे उपकरार करणे आवश्यक आहे. अधिवास राखणे, मार्गातील अडथळे दूर करणे यांविषयीची कलमे मात्र प्रयत्न करण्याच्या भाषेत लिहिलेली आहेत आणि कुचराई करणाऱ्याला दंड करण्याची सोय करारात नाही. हे दौर्बल्य जन्मजात होते. पण कठोर भाषा घातली असती तर पंधरा सह्यासुद्धा जमल्या नसत्या, हेही तितकेच खरे आहे.

पहिली सदस्य-परिषद ऑक्टोबर १९८५ मध्ये बॉनमध्ये भरली, आणि त्यानंतरची काही वर्षे संथ गेली. सदस्य थोडे, निधी तुटपुंजा, आणि दुसऱ्या परिशिष्टातील प्रजातींसाठी एकही उपकरार नाही अशी ती अवस्था होती. तिला गती दिली ती एका साथीने. १९८८ मध्ये उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवर विषाणूच्या संसर्गाने हजारो सील मेले, आणि वाडन समुद्राच्या उथळ किनाऱ्यावर शेजारी असलेल्या डेन्मार्क, जर्मनी व नेदरलँड्स यांनी १९९० मध्ये सीलविषयीचा पहिला उपकरार केला. एकाच समुद्रातील सीलची गणना तिन्ही देशांनी एकाच वेळी, एकाच पद्धतीने करावी ही त्यातील साधी तरतूद पुढील सर्व उपकरारांना पायाभूत ठरली, कारण गणना वेगवेगळ्या दिवशी झाली तर तोच सील दोनदा मोजला जातो किंवा एकदाही मोजला जात नाही. १९९१ मध्ये युरोपातील वटवाघळांसाठी, पुढे बाल्टिक व उत्तर समुद्रांतील लहान देवमाशांसाठी आणि १९९५ मध्ये हेग येथे आफ्रिका-युरेशियातील पाणपक्ष्यांसाठी उपकरार झाले. शेवटचा सर्वांत मोठा असून तो आर्क्टिक प्रदेशापासून आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंतचा उड्डाणमार्ग एकच घटक मानतो. उड्डाणमार्ग म्हणजे विणीची भूमी, हिवाळ्याचा मुक्काम आणि मधले विसाव्याचे थांबे यांची मिळून होणारी साखळी.

बंधनकारक उपकरारांना संसदांची मान्यता लागते आणि त्यात वर्षे जातात, म्हणून सचिवालयाने दुसरा मार्ग काढला. तो सामंजस्य कराराचा, म्हणजे कायद्याने न बांधणाऱ्या पण कृती-आराखडा जोडलेल्या समझोत्याचा. आणि मूळ कराराचे सदस्य नसलेली राष्ट्रेही त्यावर सही करू शकत असल्यामुळे रशिया व चीन यांना सोबत घेण्याची वाट त्यातून मोकळी झाली. असा पहिला सामंजस्य करार १९९३ मध्ये सायबेरियन क्रौंचासाठी झाला. भारताशी त्याचा संबंध अत्यंत जवळचा आहे आणि संस्थेच्या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक प्रकरणही तेच आहे.

पांढराशुभ्र देह, तांबडा चेहरा आणि उडताना दिसणारी काळी पंखटोके असलेला हा क्रौंच पश्चिम सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यात वीण करून कझाकस्तान, मध्य आशिया, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान या मार्गाने राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव येथे हिवाळ्यासाठी येत असे. १९६० च्या दशकाच्या मध्याला तेथे सुमारे दोनशे पक्षी मोजले गेले होते. त्यानंतर संख्या दर दशकाला घसरत गेली. भरतपूरला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, सलीम अली यांच्यासारख्या पक्षिशास्त्रज्ञांनी त्यासाठी आयुष्यभर प्रयत्न केले, अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय क्रौंच प्रतिष्ठानाच्या अभ्यासकांनी तेथे संशोधन केले, परंतु हे सर्व वाटेच्या एका टोकाला चालले होते. अफगाणिस्तानातील आब-ए-इस्तादा या विसाव्याच्या सरोवराभोवतीचा प्रदेश १९७९ नंतर युद्धात सापडला, आणि पाकिस्तानच्या वायव्येकडील कुर्रम व लक्की मरवत भागांत क्रौंच पकडण्याची जुनी परंपरा चालूच राहिली. सामंजस्य करार झाला तेव्हा हातावर मोजण्याइतके पक्षी उरले होते. भारताने त्यावर १९९८ मध्ये सही केली, आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात भरतपूरला आलेली जोडी तेथील शेवटची ठरली. या करारावर पुढे अकरा विचरण-राष्ट्रांनी सह्या केल्या आणि त्याच्या छत्राखाली चीनमधील पोयांग सरोवरावर हिवाळा काढणाऱ्या पूर्वेकडील मोठ्या समूहाकडे लक्ष वळले. आज ही प्रजाती टिकून आहे ती मुख्यतः त्या समूहामुळे. मात्र भारतात येणारा समूह परत आणता आला नाही. क्रौंचाची पिले स्थलांतराची वाट मोठ्यांबरोबर उडून शिकतात, त्यामुळे वाट जाणणारे शेवटचे पक्षी गेले की वाटच नाहीशी होते, आणि कोणत्याही करारनाम्याने ती परत काढून देता येत नाही.

याच्या उलट अनुभव मध्य आशियातील सैगा या कुरंगाने दिला. फुगीर, सोंडेसारख्या नाकाचा हा गवताळ प्रदेशातील प्राणी शिंगांच्या चोरट्या व्यापारामुळे सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर इतका मारला गेला की एकेकाळी लाखांनी असलेले कळप हजारांवर आले. २००६ मध्ये त्याच्यासाठी सामंजस्य करार झाला, कझाकस्तानने शिकारबंदी आणि गस्त नेटाने चालवली, विस्तीर्ण गवताळ प्रदेश राखून ठेवले, आणि २०१५ मध्ये जिवाणूजन्य साथीत काही आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सैगा मरूनही कळप पुन्हा उभे राहिले. २०२२ च्या गणनेत कझाकस्तानात त्यांची संख्या तेरा लाखांच्या पुढे गेली. सैगा दर वर्षी बहुधा जुळी पिले देतो आणि लवकर वयात येतो, क्रौंचाचे एखादेच पिलू मुश्किलीने जगते. तरीही फरक केवळ जीवशास्त्राचा नाही, कारण सैगाच्या बाबतीत वाटेचा मोठा भाग ज्या राष्ट्राच्या हाती होता त्याने ती वाट आपली मानली.

भारत हा पहिल्या दिवसापासूनचा सदस्य आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शताब्दीच्या वर्षीच हा करार अमलात आला, ही तारखांची जुळणी महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी आहे, कारण भारतात येणाऱ्या पक्ष्यांची वाट कळली ती मोठ्या अंशी या सोसायटीच्या कामामुळे. पक्ष्याच्या पायात क्रमांक कोरलेले हलके कडे अडकवून त्याला सोडायचे आणि ते कडे कोणाला सापडल्यास मुंबईला कळवावे अशी व्यवस्था ठेवायची, ही पद्धत सोसायटीने १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर राबवली. स्थलांतरित पक्ष्यांबरोबर रोगजंतू वाहणाऱ्या गोचिडी येतात काय, हा त्या वेळचा प्रश्न होता. पण दूर मध्य आशियातून आणि सायबेरियातून परत आलेल्या कड्यांच्या नोंदींनी भारतातील तलाव आणि तेथील विणीच्या भूमी एका रेषेत जोडून दाखवल्या. राष्ट्रांनी वाटेला मान्यता देण्याआधी शास्त्रज्ञांनी ती पुराव्यानिशी आखून ठेवली होती.

भारताने पुढे २००७ मध्ये सागरी कासवांच्या, २००८ मध्ये ड्युगाँग या समुद्री गवतावर जगणाऱ्या सस्तन प्राण्याच्या आणि २०१६ मध्ये शिकारी पक्ष्यांच्या सामंजस्य करारांवर सह्या केल्या. कासवांचा करार कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यांना थेट लागू पडतो. वेळास, आंजर्ले, गुहागर तसेच गोव्यातील मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या वाळूत अंडी घालतात, आणि गावकऱ्यांनी घरटी राखून पिले समुद्रात सोडण्याची जी रीत घालून दिली ती कोणत्याही आंतरराष्ट्रीय सभेच्या आदेशाने आलेली नव्हती. २०२२ च्या जानेवारीत वेळासला ‘प्रथमा’ या मादीला उपग्रह-संवेदक बसवण्यात आला. पुढील वर्षी गुहागरहून सोडलेल्या ‘बागेश्री’ने श्रीलंकेला वळसा घालून बंगालचा उपसागर गाठला. पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यांवरील कासवे परस्परांशी जोडलेली असू शकतात, हे त्यातून दिसले, आणि कोकणातल्या गावाने राखलेल्या घरट्याचा संबंध दुसऱ्या देशाच्या मासेमारीशी कसा पोचतो हेही.

शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत नागालँडचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. अमूर ससाणा हा कबुतराएवढा पक्षी सायबेरियाच्या आग्नेय भागात, मंगोलियात आणि उत्तर चीनमध्ये वीण करतो आणि दक्षिण आफ्रिकेकडे जाताना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँडच्या वोखा जिल्ह्यातील दोयांग जलाशयावर प्रचंड थव्यांनी उतरतो. २०१२ मध्ये तेथे मासेमारीच्या जाळ्यांनी हे ससाणे मोठ्या संख्येने पकडले जात असल्याचे छायाचित्रांसह उघड झाले, आणि एका हंगामात लाखाहून अधिक पक्षी मारले जात असावेत असा अंदाज मांडला गेला. जगभरातून टीका झाली, पण बदल घडवला तो पांगती आणि शेजारच्या गावांच्या ग्रामसभांनी, चर्चने आणि स्थानिक निसर्गप्रेमींनी. पुढच्याच हंगामात, २०१३ मध्ये, शिकार थांबली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या आणि हंगेरीतील शास्त्रज्ञांनी, शिकारी पक्ष्यांच्या सामंजस्य कराराच्या समन्वय कार्यालयाच्या पाठबळाने, तीन ससाण्यांना उपग्रह-संवेदक बसवले आणि त्यांना ‘नागा’, ‘पांगती’ आणि ‘वोखा’ अशी नावे दिली. भारतीय द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून न थांबता सोमालियापर्यंत जाणाऱ्या या पक्ष्यांनी आपल्या गावाचे नाव आफ्रिकेपर्यंत नेले याचा पांगतीच्या लोकांना वाटलेला अभिमान हाच तेथील सर्वांत टिकाऊ पहारा ठरला आहे. आंतरराष्ट्रीय संस्थेचे येथील योगदान दुय्यम होते, परंतु योग्य जागी होते. तिने गावाला हुकूम दिला नाही, गावाने घेतलेल्या निर्णयाचे महत्त्व त्या गावाला दाखवून दिले.

फेब्रुवारी २०२० मध्ये तेरावी सदस्य-परिषद गुजरातच्या गांधीनगर येथे भरली आणि पुढील परिषदेपर्यंतचे अध्यक्षपद भारताकडे आले. या परिषदेचा शुभंकर म्हणून ‘गिबी’ नावाचा माळढोक निवडण्यात आला होता, आणि माळढोकासह आशियाई हत्ती व बंगाल फ्लोरिकन (तणमोराच्या कुळातील गवताळ प्रदेशातील पक्षी) यांचा समावेश पहिल्या परिशिष्टात झाला. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही नोंद समाधानाबरोबर खंतही देणारी आहे. ज्या १९७९ साली बॉनमध्ये सह्या झाल्या त्याच साली सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात माळढोक अभयारण्य स्थापन झाले होते. पण माळराने शेतीखाली आणि वस्तीखाली जात राहिली आणि आज तेथे माळढोक दिसणेच दुर्मीळ झाले आहे. राजस्थान आणि पाकिस्तानच्या सीमेवर ये-जा करणाऱ्या उरल्यासुरल्या पक्ष्यांना मोठा धोका आहे तो उच्च दाबाच्या वीजतारांचा, कारण जड देहाच्या आणि समोर कमी पाहू शकणाऱ्या या पक्ष्याला उडताना तार वेळेवर दिसत नाही. या प्रश्नाची सोडवणूक परिशिष्टातील नोंदीने होत नाही. ती वीजमार्ग कोठून न्यावेत हे ठरवणाऱ्या कार्यालयात होते, आणि त्या कार्यालयांपर्यंत पोचण्यात बॉन करार आजवर फारसा यशस्वी झालेला नाही, असे नमूद करणे भाग आहे. सदस्य-राष्ट्रे कबूल केलेले कायदे करतात की नाही हे तपासण्याची पद्धत २०१७ च्या मनिला परिषदेने घालून दिली, ती या दिशेने टाकलेले पहिले पाऊल होय.

चौदावी परिषद फेब्रुवारी २०२४ मध्ये उझबेकिस्तानातील समरकंद येथे झाली. जगातील स्थलांतरित प्रजातींच्या स्थितीचा पहिला समग्र अहवाल येथे प्रसिद्ध करण्यात आला: करारात नोंदलेल्या १,१८९ प्रजातींपैकी ४४ टक्के प्रजातींची संख्या घटत आहे, २२ टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत, आणि नोंदलेल्या माशांच्या बाबतीत हा धोका ९७ टक्क्यांपर्यंत गेला आहे. बॉनमधील वाटाघाटीत मासळीवरून झालेला वाद आठवला, म्हणजे या शेवटच्या आकड्याचे मूळ सापडते. याच परिषदेत मध्य आशियाई उड्डाणमार्गासाठी स्वतंत्र उपक्रमाला मान्यता मिळाली. सायबेरियापासून हिंदी महासागरापर्यंत तीस देशांवरून जाणाऱ्या या मार्गाचा पहिला कृती-आराखडा नवी दिल्लीत २००५ मध्येच तयार झाला होता, त्यात १८२ प्रजातींचे पाणपक्षी समाविष्ट होते. परंतु आफ्रिका-युरेशियाच्या मार्गाला जसे कायमचे कार्यालय मिळाले तसे याला मिळाले नव्हते. आता त्याचे समन्वय केंद्र भारतात असावे असे ठरले आहे. २०२० च्या प्रारंभी रामसर यादीत आलेले नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर आणि २०२२ मध्ये आलेली ठाणे खाडी हे या मार्गावरील महाराष्ट्राचे थांबे आहेत. खाडीच्या चिखलात हिवाळाभर चरणाऱ्या अनेक चिलख्या-तुतारींच्या विणीच्या जागा रशियाच्या उत्तरेकडील टुंड्रा प्रदेशात आहेत, आणि रशिया मूळ कराराबाहेर असल्यामुळे भारतातील केंद्राला त्याच्याशी पहिला व्यवहार, सायबेरियन क्रौंचाच्या वेळी झाला तसा, सामंजस्याच्या स्वरूपातच करावा लागणार आहे.